पडद्यावरचे निरीक्षण आणि हाताचे कसब

दिव्यांग मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवण्याची रीत, गती आणि साधने बदलून दिले जाणारे शिक्षण म्हणजे विशेष शिक्षण. ते देणारे शिक्षक ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घडवावेत की नाही, याबद्दलची चर्चा बहुधा बाजूने किंवा विरोधात अशी सरसकट होते आणि तपशिलापाशी येऊन थांबते. गरजेविषयी दुमत नाही. १९९५ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मानले होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारख्या अवस्थांना स्वतंत्र स्थान दिले. पुढे विशेष शिक्षकांच्या नेमणुकीसंबंधीच्या रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर अशा १० विद्यार्थ्यांमागे १ आणि त्यावरील वर्गांसाठी १५ विद्यार्थ्यांमागे १ विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण ठरवले. हे शिक्षक आणायचे कोठून, हा प्रश्न नंदुरबार किंवा गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात अधिक टोचतो, कारण तेथील इच्छुक उमेदवाराला, विशेषतः घरसंसार असलेल्या स्त्रीला, प्रशिक्षणासाठी मोठ्या शहरात जाऊन राहणे सहसा परवडत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा खरा आधार हा आहे. सोय किंवा आधुनिकता हे मुद्दे त्यानंतरचे.

दूरशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी मांडलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते शिकणारा आणि शिकवणारा यांच्यातील अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, तर त्यांच्यात संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची रचना किती ताठर आहे आणि शिकणाऱ्याला स्वतःहून किती निर्णय घेता येतात, यांवरून ते ठरते. या कसोटीवर शंभर जणांच्या वर्गात वाचून दाखवलेल्या टिपणांतले अंतरही पुष्कळच भरते आणि त्याच टिपणांची चित्रफीत करून ती संगणकावर चढवल्याने ते कमी होत नाही. तेव्हा विशेष शिक्षकाला नेमके काय यावे लागते आणि त्यातले काय पडद्यातून देता येते, हे वेगवेगळे करून पाहणे भाग आहे.

पहिली गोष्ट निरीक्षणाची. मुलाचे त्रासदायक वाटणारे वर्तन समजून घेण्यासाठी त्याआधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले किंवा त्याचे काय टळले, अशी तीन रकान्यांची नोंद ठेवतात. पद्धत ऐकायला सोपी, पण नवख्या प्रशिक्षणार्थीची पहिली नोंद जवळजवळ नेहमी ‘मूल चिडले आणि हट्ट करू लागले’ अशी असते. यात निरीक्षण नाही, निवाडा आहे. दोन मिनिटांची तीच चित्रफीत पुन्हा लावली, मध्येच थांबवली आणि ‘चिडले’ हा शब्द न वापरता लिहायला सांगितले, की हळूहळू दिसू लागते: शिक्षिकेने वही पुढे सरकवली, मुलाने कानांवर हात ठेवले, वही जमिनीवर पडली, शिक्षिकेने ती उचलून कपाटात ठेवली आणि मूल शांत बसले. लेखन टळले, ही मुलाची मिळकत; उद्या पुन्हा वही पडणार हे आता वेगळे सांगावे लागत नाही. प्रत्यक्ष वर्गात हा प्रसंग एकदाच घडतो आणि मागच्या बाकावरच्या प्रशिक्षणार्थीच्या डोळ्यांसमोरून निसटतो. पडद्यावर तो दहा वेळा पाहता येतो आणि वेगवेगळ्या तालुक्यांतील प्रशिक्षणार्थींच्या नोंदी शेजारी ठेवून ताडता येतात. या बाबतीत ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गापेक्षा सरस ठरू शकतो, असे म्हणायला हरकत नाही. मात्र अशा चित्रफितींसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने बंधनकारक केले आहे. शिवाय चित्रफिती परदेशी शाळांतल्या आणि इंग्रजी संभाषणाच्या असल्या, तर नंदुरबारमधील पावरी बोली बोलणाऱ्या मुलाच्या वर्गात त्यांचा उपयोग मर्यादितच राहतो.

दुसरी गोष्ट तत्काळ दुरुस्तीची. अमेरिकेत मार्शा रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या सुमारास एक जुने तंत्र इंटरनेटवर आणले: प्रशिक्षणार्थी वर्गात शिकवत असतो, मार्गदर्शक दूर बसून कॅमेऱ्यातून पाहतो आणि प्रशिक्षणार्थीच्या कानातील इअरफोनमध्ये ‘थांबा, उत्तराला वेळ द्या’ किंवा ‘आता शाबासकी द्या’ अशा चार शब्दांच्या सूचना देतो. चूक तासभराने कळण्यापेक्षा त्याच क्षणी सुधारते, हे याचे बळ. ज्या गावात जोडणी तुटत राहते तेथे मात्र हा प्रयोग अडखळणारच. तेथे धडा चित्रित करून दोन दिवसांत त्यावर बोलणे हा दुय्यम पण चालण्याजोगा मार्ग आहे.

पडद्यातून जे येत नाही, ते मान्य करण्यात अभ्यासक्रमाची निम्मी प्रामाणिकता आहे. ब्रेलचे सहा ठिपके दिसणारा माणूस डोळ्यांनी शिकतो आणि परीक्षाही देतो, पण बोटाच्या टोकाला ते किती दाबाने व किती वेगाने जाणवतात, हे मुलाच्या बोटाशेजारी आपले बोट ठेवल्याखेरीज समजत नाही. पाटी आणि टोचणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे, हेही हाताने केल्यावरच अंगी भिनते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हात धुणे शिकवताना कामाचे बारीक टप्पे पाडतात, त्याला कार्य विश्लेषण म्हणतात. मुलाच्या हातावर शिक्षिकेने ठेवलेला हात कोणत्या टप्प्यावर मनगटाकडे, मग कोपराकडे सरकवायचा आणि कधी काढून घ्यायचा, हे एखादी अनुभवी व्यक्ती शेजारी असतानाच शिकावे लागते. अशा कसबांसाठी जवळच्या शाळेत सलग काही आठवडे प्रत्यक्ष सराव हवाच. तो वगळून पदवी देणारा अभ्यासक्रम स्वस्त असेल, पुरेसा नव्हे.

एक विसंगती मात्र कोणत्याही तांत्रिक अडचणीमुळे उद्भवलेली नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १७ सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याबाबत बोलताना स्वतः दिव्यांग असलेल्या शिक्षकांचाही उल्लेख करते. म्हणजे अशा अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांत अंध आणि कर्णबधिर प्रशिक्षणार्थी असणे अपेक्षितच आहे. तरीही समावेशनावरचा धडा पानाचा फोटो काढून पीडीएफ म्हणून दिला जातो, आणि त्यातले अक्षर मजकूर नसून चित्र असल्याने, पडद्यावरचे शब्द बोलून दाखवणारे स्क्रीन रीडर त्यापुढे मुके होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधली टिपणे असली तर ते निरर्थक अक्षरे वाचून दाखवते. सांकेतिक भाषेचा दुभाषी कोपऱ्यातल्या टपालतिकिटाएवढ्या चौकटीत ठेवला, तर त्याच्या बोटांच्या हालचाली वाचता येत नाहीत. युनिकोड मजकूर, मराठी उपशीर्षके, चित्रांची शब्दवर्णने आणि मोठ्या चौकटीतला दुभाषी यांसाठी फार पैसा लागत नाही, पाठ तयार करताना आधी विचार लागतो. ते सारे जागेवर असेल, तर सुलभतेचा धडा प्रशिक्षणार्थीला वेगळा शिकवण्याआधीच अनुभवाला येतो.

उरतो तो मूल्यमापनाचा आणि खर्चाचा प्रश्न, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. बहुपर्यायी प्रश्न संगणक तपासतो, म्हणून ते आवडते. पण वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे एका मुलासाठी वर्षभराची उद्दिष्टे, पद्धती आणि प्रगती मोजण्याची रीत मांडणारा दस्तऐवज, कोणाला करता येतो हे त्यातून कळत नाही. ते कळायचे तर प्रशिक्षणार्थीने एका मुलासाठी आराखडा करून, काही महिने त्याप्रमाणे शिकवून, आठवड्यागणिक नोंदी आणि धड्यांच्या चित्रफिती सादर कराव्या लागतात आणि त्या कोणीतरी जाणकाराने वाचाव्या, पाहाव्या लागतात. असा मार्गदर्शक एका वेळी मोजक्याच प्रशिक्षणार्थींकडे लक्ष देऊ शकतो. एका व्याख्यात्याच्या जोरावर हजारो प्रवेश देता येतील, या हिशेबाने जे ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे वळतात, त्यांना इमारत आणि वसतिगृह यांचा वाचलेला पैसा मार्गदर्शकांच्या वेतनावर आणि सराव शाळांवर खर्च करावा लागेल.