नव्या घराचा कठडा

वाचनासाठी उतारे : अनुवाद 22:8, निर्गम 22:6, लूक 13:1-5.



गोंदिया नगरात 21 डिसेंबर 2016 रोजी पहाटे जी आग लागली, तिची आठवण त्या बाजारात जाणाऱ्या-येणाऱ्यांस अद्याप आहे. बिंदल प्लाझा नामक हॉटेलात उतारू निजलेले असता अग्नी भडकला आणि सात जण प्राणांस मुकले. नाताळास चारच दिवस उरले होते. आपल्या खेड्यांतून धान विकावयास, कापड घ्यावयास, आगगाडी धरावयास जो तो गोंदियासच जातो. म्हणून ही वार्ता आमगाव, देवरी, सालेकसा, अर्जुनी अशा सर्व दिशांस त्याच दिवशी पोहोचली.

वार्तेमागोमाग लोकांचे बोलही येतात. कोणी म्हणतो, त्यांचे नशीब तेवढेच होते. कोणी आवाज उतरवून विचारतो, कोणास ठाऊक त्यांच्या हातून काय पाप घडले असेल! हे बोल केवळ परक्यांच्या तोंडी असतात असे नाही. आपल्या मंडळ्यांतही ते ऐकू येतात, आणि मृताच्या घरी सांत्वनास गेलेला उपदेशकही कधी कधी दुसरे काही न सुचून तेच बोलून जातो.

ह्या बोलांचे उत्तर प्रभूने पूर्वीच देऊन ठेविले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतील इतर रहिवाशांहून अधिक अपराधी होती काय, असे त्याने लोकांस विचारिले. आणि नाही, असे आपणच स्पष्ट सांगितले. मेलेल्यांच्या पापांची मोजदाद करू पाहणाऱ्यांस त्याने मागे फिरविले आणि त्यांची दृष्टी त्यांच्या स्वतःच्या आचरणाकडे वळविली. पुष्कळ प्रवचने येथेच थांबतात. आम्हांस एक पाऊल पुढे जावेसे वाटते. बुरूज आपोआप उभा राहत नाही. तो कोणी तरी बांधितो, कोणी तरी राखितो. शिलोहाच्या गवंड्याविषयी शुभवर्तमान मौन धरिते, परंतु घर बांधणाऱ्याविषयी नियमशास्त्र मौन धरीत नाही.

मोशेच्या द्वारे इस्राएलास आज्ञा झाली की, नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर. नाही तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशी धाबे म्हणजे दुसरे अंगणच. राहाबेने हेरांस धाब्यावर तागाच्या काड्यांत लपविले. पेत्र यापो येथे धाब्यावरच प्रार्थनेस गेला. माणसे तेथे काम करीत, तेथे बसत, आणि उकाड्याच्या रात्री तेथेच निजत. म्हणून कठडा. ही आज्ञा कोणी पडेपर्यंत थांबत नाही, हे ध्यानात घ्यावे. घर नवे आहे, अजून कोणी पडलेले नाही, घरधन्याच्या मनात कोणाविषयी वाकडे नाही. तरीही कठडा हवा. आणि पडणाऱ्याने सांभाळून चालावयाचे होते, असे तेथे म्हटलेले नाही. दोष घरावर ठेविला आहे.

आपली पुष्कळ घरे कौलारू आहेत, त्यांस धाबेच नाही. मग आपला कठडा कोणता? हे समजण्यासाठी आग माणसास कशी मारिते ते नीट जाणिले पाहिजे. ज्वाळेने भाजून मरणारे थोडे, धुराने गुदमरून मरणारे फार. जळत्या गादीचा, रबराचा, प्लास्टिकचा धूर विषारी असतो. निजलेल्या मनुष्यास तो जागाही होऊ देत नाही, पहिल्या झोपेतून दुसऱ्या झोपेत नेतो. उंच इमारतीत जिना हा धुराड्याचे काम करितो : खाली पेटले की धूर त्या वाटेने वर चढतो, आणि जी वाट उतरण्याची तीच प्रथम बंद होते. म्हणूनच दुसरा जिना हवा, आतून सहज उघडणारे दार हवे, आणि त्या जिन्यावर खोकी-पोती रचलेली नसावीत. हाच आजचा कठडा.

भंडाऱ्याचे दुःख तर आपल्या घरचेच. 1999 पर्यंत गोंदिया हा त्याच जिल्ह्याचा भाग होता, आणि अजूनही सोयरीक दोन्हींकडे आहे. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर तेथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. दहा तान्ही बालके दगावली. सात वाचविली गेली. मृतांपैकी तीन भाजून आणि सात धुराने गेली, असे त्या वेळी सरकारातर्फे सांगण्यात आले. ज्यांस अजून नाव ठेवावयाचे होते अशा जिवांच्या पापाची गोष्ट तेथे कोणी काढावी? रामा येथील राहेलीचा आकांत ज्याने ग्रंथात लिहून ठेवविला, तो देव त्या मातांस नशीब सांगत बसणार नाही, अशी आमची खात्री आहे. जे कठड्याचे धनी होते त्यांस तो विचारील.

राज्याच्या कायद्यानेही हे ओझे घरधन्यावरच ठेविले आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 ह्याप्रमाणे ज्या इमारतींस तो लागू आहे त्यांच्या मालकाने अथवा भोगवटादाराने आग विझविण्याची साधने चालू स्थितीत ठेवावी, आणि तसा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर वर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावा, असा नियम आहे. कागद भरणे हा धर्म नव्हे, हे खरे. पण कागद भरून नळी रिकामी ठेवणे हा अधर्म आहे, ह्यात शंका नाही. आपल्या मुलामुलींस शिक्षणासाठी शहरच्या वसतिगृहात ठेविताना फी किती हे आपण विचारितो. रात्री दारास बाहेरून कुलूप घालितात काय, हेही विचारावे. असे विचारणे उद्धटपणाचे नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. निर्गमातील नियम तर जणू आपल्याच शिवारासाठी दिला आहे : आग काट्याकुट्यांस लागून पुढे कोणाच्या रचलेल्या किंवा उभ्या पिकास पोहोचली, तर ज्याने ती पेटविली त्याने भरपाई करावी. कापणी होऊन धानाचे पुंजणे मळणीची वाट पाहत उभे असतात, तेव्हा एक ठिणगी वर्षाचे अन्न नेते. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचण्यास सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्याची चाल आहे. वारा सुटला की ती आग जंगलात शिरते. कोवळी रोपे, पक्ष्यांची घरटी, आणि ज्यावर कित्येक घरांचे उन्हाळ्याचे पोट चालते तो तेंदूपत्ता, सर्वांची हानी होते. पाला झाडून बाजूस करण्यास एक घटका अधिक लागेल, इतकेच. माझी आग नव्हे, वाऱ्याची आहे, असे म्हणणाऱ्यास मोशेच्या पंचायतीत सुटका नव्हती.

मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. त्या आगीशी झुंजताना अग्निशामक दलाचे 66 जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळितात, आणि त्यात लोकांस आगीपासून बचाव कसा करावा हे शिकवितात. स्मरणाची ही रीत आम्हांस आवडते. गोंदियाची आठवण केवळ हळहळण्यासाठी काढावयाची असेल, तर ती न काढिलेली बरी.

तेव्हा वडिलांनी व उपदेशकांनी ह्या नाताळापूर्वी आपापले प्रार्थनामंदिर एकदा परक्याच्या नजरेने पाहावे. कित्येक मंदिरांस दार एकच, तेही आत उघडणारे. आणि सणाच्या दिवशी त्याच दाराशी चपलांचा ढीग, बाके व मांडवाचे बांबू. तारा खांबावरून आकडा टाकून ओढिलेल्या, त्यांची जोडणी उघडी, आणि वर कापडी मांडव व कागदी तारे. मेणबत्त्या लेकरांच्या हाती. शेजारी प्रीतिभोजनाचा सिलिंडर पेटलेला. ह्यांतील एकही गोष्ट पैशाच्या अभावी घडते असे आम्हांस वाटत नाही. दार बाहेर उघडेल असे करण्यास सुताराचा एक दिवस पुरतो. चूल मांडवापासून दूर मांडावी. दाराशी वाळूच्या दोन बादल्या व पाण्याचे पिंप असावे. मात्र विजेच्या आगीवर पाणी टाकू नये, प्रथम मुख्य बटण बंद करावे, आणि ते कोठे आहे हे एकट्या सेवकासच नव्हे तर चारचौघांस ठाऊक असावे. 101 हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. बंब दूरच्या गावाहून येईपर्यंत वेळ जाणारच. म्हणून दोन तरुण आधीच नेमावे, आणि त्यांनी उपासनेच्या आरंभापासून शेवटापर्यंत दाराशी उभे राहावे. ज्या म्हाताऱ्यांस चालवत नाही आणि ज्या मातांच्या कडेवर लेकरे आहेत, त्यांची बसण्याची जागा भिंतीशी कोपऱ्यात न ठेविता त्या दाराजवळ ठेवावी.