गुरुजींची सात मिनिटं

क्रिकेटमधला ड्रॉ घरच्या माणसांना समजावून सांगणं फार कठीण. "पाच दिवस खेळले आणि कोणीच जिंकलं नाही? मग करत काय होते?" असं आमच्या सौभाग्यवती विचारतात, आणि त्याला शास्त्रात उत्तर नाही. २०२१ च्या जानेवारीत सिडनीला हनुमा विहारी मांडी दुखावलेली असताना १६१ चेंडू उभा राहिला. धावा किती, तर २३! पलीकडे पाठ धरलेला अश्विन. मॅच वाचली तेव्हा मी टीव्हीपुढे उभा राहून टाळ्या वाजवल्या. "जिंकले का?" आतून प्रश्न आला. "हरले नाहीत!" मी ओरडलो. आतून नुसती कुकरची शिट्टी झाली.

तर न हरणं हाही पराक्रम आहे, हे माझ्यापुरतं ठरलेलं आहे. प्रश्न पुढचा आहे. न हरण्यासाठी माणसाने काय काय करावं? २००९ साली कार्डिफला अँडरसन आणि पनेसर या इंग्लंडच्या शेवटच्या जोडीने ६९ चेंडू खेळून काढले. पण मध्येच बारावा गडी हातमोजे घेऊन आला, पुन्हा आला, फिजिओही धावत आला. पाँटिंग उखडला. आता फिजिओ इलाज करायला आला होता तो खेळाडूवर की घड्याळावर, हे आपण कोण सांगणार? पण चेंडू अडवणं हे मॅच वाचवणं आणि मोजे बदलणं ही लबाडी, अशी रेघ मारायला जावं तर ती नेमकी कुठे मारायची, हे कळत नाही.

ती रेघ मी एकदा प्रत्यक्ष पाहिली आहे. लॉर्ड्सवर नव्हे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या माळावर, १९७४ च्या फेब्रुवारीत.

शेजारच्या गावाशी मॅच. दहा ते सहा, सहाच्या आत सुरू झालेली ओव्हर पुरी करायची, असा करार. त्यांनी केल्या ११२. आमचे साडेपाचला ९ बाद ४१. आत मी आणि गावचा शिंपी. दोघांत मिळून दोन पॅड, म्हणजे माणशी एक. मी माझ्या पॅडचा पट्टा तीनदा सोडला आणि चारदा बांधला. शिंप्याला तीही सोय नव्हती. नाडी बांधून वेळ काढावा, तर पायांत वहाणासुद्धा नव्हत्या. त्याने एकच केलं. शिवणयंत्राच्या सुईवर लावतो तशी नजर चेंडूवर लावली आणि बॅट जमिनीत रोवली.

अख्ख्या माळावर घड्याळ एकच, अंपायर म्हणून उभ्या असलेल्या आमच्या गुरुजींच्या मनगटावर. ते सात मिनिटं पुढे असे. पोरं शाळेत वेळेवर यावीत म्हणून गुरुजींनीच ते तसं ठेवलं होतं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक, पाहुण्यांपैकी कुणालाच नाही.

ओव्हर संपली. गुरुजींनी मनगट वर केलं. मी शेजारीच होतो, काटे मला दिसले. सहा! मी बॅट काखेत मारली. पाहुण्यांचा कॅप्टनही तोंड पाडून स्टंपांकडे निघाला.

"अजून सात मिनिटं आहेत," गुरुजी म्हणाले. "चला, बोलिंग."

दोन ओव्हर झाल्या असत्या. दुसऱ्या ओव्हरच्या चौथ्या चेंडूवर शिंप्याचा लेगस्टंप उडाला.

त्या रात्री पारावर जे वाद झाले, ते काशीच्या पंडितांनी ऐकायला हवे होते. पाटील म्हणाले, "शाळा त्याच घड्याळावर भरते, कीर्तन त्यावर उभं राहतं. मग गावची वेळ तीच! मॅचलाच तेवढा रेडिओ कशाला?" पोस्टमास्तरांचा मुद्दा जास्त बोचरा होता. "गुरुजी, सत्य तुमचं आणि विकेट शिंप्याची. हा कुठला न्याय?"

याला मात्र माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. स्वतःच्या खिशातून दान करणारे थोडे, दुसऱ्याच्या खिशातून करणारे पुष्कळ. पण गुरुजीही त्याच गावचे होते. पराभव त्यांच्याही वाट्याला आला होता, आणि वर शिंप्याने दिवाळी उलटेपर्यंत त्यांचा सदरा शिवला नाही. शिवाय सहाला स्टंप उपटले असते तर मॅच वाचली असती. आम्ही ती वाचवली, असं मला तरी म्हणवलं नसतं.

पारावर शेवटी मीच वकिली मुद्दा काढला. "गुरुजी, मॅच सुरू झाली तीही तुमच्याच घड्याळावर. मग संपायलाही तेच नको का?"

"सकाळीही मी सात मिनिटं वजा केली होती," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण सकाळी वेळ विचारतो कोण?"

शिंप्याला हे आजवर पटलेलं नाही. त्या मॅचचा विषय निघाला की तो टेप गळ्यात तसाच ठेवून बाहेर येतो आणि विचारतो, "निकाल कुणाच्या घड्याळाने सांगू?"