दोघांचा चेहरा एकच

नाथान संदेष्ट्याने दावीद राजास गरीब मनुष्याच्या मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२). ती ऐकून राजा त्या श्रीमंतावर संतापला. परंतु तो अपराधी आपणच आहो, हे त्यास दुसऱ्याने सांगावे लागले.

चार्ली चॅपलिन ह्यांनी १९४० साली ‘द ग्रेट डिक्टेटर’ हा बोलपट काढून, निराळ्या नावाखाली, हिटलरची थट्टा केली. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. पुढे १९६४ साली आत्मचरित्रात त्यांनी कबूल केले की, छळछावण्यांतील खरे अत्याचार ठाऊक असते, तर आपल्या हातून तो विनोद झाला नसता.

तथापि त्या बोलपटात एक मोठा बोध आहे. जुलमी सत्ताधीश आणि त्याने गांजलेला गरीब यहूदी न्हावी, ही दोन्ही कामे चॅपलिन ह्यांनीच केली. माणसे दोन, चेहरा एक!

आपणही दूरच्या हुकूमशहास हसतो व दोष देतो. परंतु दिवसभर सावकाराचे बोल खाणारा मनुष्य सायंकाळी घरी येऊन बायकोवर हात उगारतो, किंवा उपासनेत एखाद्या बंधूस त्याच्या पूर्वीच्या जातीवरून मागे बसवितो, तेव्हा त्याच्याही एकाच चेहऱ्यात ते दोघे नसतात काय?

ह्यास्तव जगाच्या जुलमाचा निवाडा करण्यापूर्वी आपले अंतःकरण तपासावे. दावीद राजा असूनही त्याने पाप पदरी घेतले. आपण ज्यास दुखविले, त्याच्या दारी आजच जावे.