६१७४ : एका वजाबाकीतून उभा राहिलेला प्रश्न

चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एवढीच, की चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना हा गुणधर्म १९४९ मध्ये सापडला. त्यांचे जन्मवर्ष १९०५. या संख्येपासून सुरुवात केली तर ९५१० − ०१५९ = ९३५१ आणि पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ असा प्रवास होतो; सातही पायऱ्या पुऱ्या लागतात. कापरेकरांनी १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथमॅटिका’ या नियतकालिकात ६१७४ वर लेख लिहिला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात कापरेकरांच्या कामाचा परिचय करून दिला आणि ही संख्या जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.

या नवलामागचे कारण साध्या बीजगणितात आहे. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले, तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, तर केवळ दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याच्याहून मोठा नसतो, म्हणून एकूण शक्यता ५४ उरतात. त्या हाताने तपासता येतात, आणि प्रत्येक वाट ६१७४ कडेच जाते. या संख्येसाठी फरक ६ आणि २ आहेत : ५९९४ + १८० = ६१७४.

शक्यता मर्यादित असल्याने अशी क्रिया कधीतरी स्वतःची पुनरावृत्ती करणारच. खरा प्रश्न असा, की सगळ्या वाटा एकाच संख्येशी मिळतात का? तीन अंकांत तसे होते. तेथे ४९५ येते. दोन अंकांत मात्र ०९, ८१, ६३, २७, ४५ हे चक्र फिरत राहते. पाच अंकांत एकही स्थिर संख्या नाही, फक्त चक्रे आहेत. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय एक चक्रही आहे. चार अंकांत मिळणारी एकवाक्यता हा नियम नसून अपवाद आहे, हे या विस्तारातून कळले.

त्यानंतर पायाचा विचार आला. पाच पायाच्या लेखनपद्धतीत ३०३२ ही संख्या याच क्रियेत स्थिर राहते : ३३२० − ०२३३ = ३०३२. तेव्हा अशी स्थिरता संख्येइतकीच ती लिहिण्याच्या पद्धतीचीही असते. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८ असून तिने या संख्येला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. हा गुणही दशमान लेखनाशी बांधलेला आहे. याउलट ६१७४ = २ × ३² × ७³ आणि ६१७४ = १८ + १८² + १८³ ही नाती कोणत्याही पायात तशीच राहतात. कापरेकरांच्या एका वजाबाकीमुळे संख्येचा स्वभाव आणि तिच्या लेखनाचा स्वभाव यांतला भेद इतका स्पष्ट दिसतो, की शाळेतला विद्यार्थीही तो कागदावर पडताळून पाहू शकतो.