पेशंट तयार नाही म्हणे!

उभा राहा. हा केसपेपर तुझ्याच अक्षरातला ना? मग मोठ्याने वाच, सगळ्या इंटर्न्सना ऐकू जाऊ दे. ‘उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी. काढण्याचा सल्ला दिला. पेशंट तयार नाही. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.’ झालं? हात झटकले?

त्याच बाई आज बाहेर बाकावर बसल्यात. तोंड जेमतेम एक बोट उघडतंय, लाळ पदराने टिपतायत. पेशंट तयार नाही म्हणे! मग तयार कोणी करायचं, वॉर्डबॉयने? ‘दाढ काढली की नजर जाते ना?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा तू फिस्सकन हसलास, सिस्टरनी सांगितलंय मला. अरे, घरोघरी आहे ही भीती. दृष्टीची नस वेगळी, दाढेची वेगळी, एवढं बोलायला तुझी जीभ झिजते?

आता ऐक, आणि बाईंना सांगायचंय असं समजून ऐक. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा नसली की पुढच्या दाढेला धडकून आडवीच अडकते. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पडदा राहतो. त्याच्याखाली भाताचं शीत, भाजीचा तंतू जाऊन बसतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. जंतू माजतात, पू होतो, चावण्याचे स्नायू आखडून तोंड उघडेनासं होतं. तुझ्या गोळ्यांनी सूज उतरते, पण दाढ तिथेच, पडदा तिथेच. चार महिन्यांनी पुन्हा तेच. आणि तोच पू जिभेखाली, हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरला तर? लुडविग्ज अँजायना. वर्णन १८३६ सालचं, हे तू तोंडी परीक्षेत घडाघडा म्हणालास. त्यात जीभ वर ढकलली जाते आणि श्वास कोंडून माणूस जातो, हे त्या बाईंना कोण सांगणार?

मागे हसतेयस कशाला? तुझे केसपेपर याच्या उलट. ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या एक्स-रेत, अक्कलदाढ दिसली रे दिसली की ‘काढणे’. हाडात पूर्ण गाडलेली, ना दुखत, ना सिस्ट, ना शेजारच्या दाढेला कीड, तिला कशाला हात लावायचा? मुळं जबड्यातल्या नसेला टेकलेली असली तर ओठ, हनुवटी बधिर राहू शकते. हे सहीच्या आधी समोर बसून सांगायचं असतं, फॉर्म पुढे सरकवून नाही.

शिवाय काल दाढ काढलेल्या माणसाला ‘लगेच गुळण्या सुरू करा’ असं सांगून कोणी धाडलं? खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्या आधाराने जखम भरते. पहिल्याच दिवशी खळखळून चुळा भरल्या, विडी ओढली की ती निघून जाते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका. मग पेशंट म्हणतो, डॉक्टरने दाढ बिघडवली. बरोबरच म्हणतो.

आणि हे काय? गालाच्या आत व्रण, दीड महिना झाला, गुटखा चालू, आणि उपचार काय तर मलम! तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासायला पाठवायचा, हे फळ्यावर कितीदा लिहू? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, इथे येणाऱ्यांच्या गालात तो रोज सापडतो. गाल आतून पांढरे, ताठ पडलेत का, तोंड किती बोटं उघडतं, एक अक्षर लिहिलेलं नाहीस. बायॉप्सीचं नाव काढलं की माणूस घाबरतो, म्हणून तू गप्प? जागेवर भूल, छोटासा तुकडा, एखाद-दुसरा टाका आणि त्याच दिवशी घरी. एवढंच सांगायचं होतं.

केसपेपरवर त्याचा मोबाइल नंबर आहे ना? लाव फोन. इथूनच, माझ्यासमोर. आणि कोणीतरी त्या बाईंना आधी आत घ्या. त्यांची शुगर तपासलीस का रे? नाही ना. वाटलंच मला.