सत्यकामाचे गोत्र

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गुरूकडे निघालेल्या मुलाने आईला गोत्र विचारले. जबाला म्हणाली, "तरुणपणी अनेक ठिकाणी सेवा करीत फिरत होते, तेव्हा तू झालास. तुझे गोत्र मला ठाऊक नाही." त्याने हारिद्रुमत गौतमांना हेच उत्तर दिले आणि त्यांनी त्याला समिधा आणायला सांगितले. सत्संगात आपण मुलाच्या सत्यनिष्ठेची स्तुती करतो. आईला हे निर्भयपणे सांगता आले, याकडे फारसे लक्ष जात नाही.

1863 मध्ये पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी गर्भवती विधवांसाठी आपल्या घरी बाळंतपणाची सोय केली. 1884 मध्ये जोतिबांनी त्याचा हिशेब लिहिला: 35 विधवा आल्या, मुले जगली 5. उरलेली 30 दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली असावीत. मी वाणिज्य शाखेत शिकतो, रोज आकडे पाहतो. असा ताळेबंद पाहिला नव्हता.

याला त्या स्त्रियांचा असंयम म्हणावे का? मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी होई, नवरा पुष्कळदा वयाने कितीतरी मोठा, त्यामुळे वैधव्य लवकर येई. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी झाली होती, पण घरे तयार नव्हती. पुढे लग्नाचे वय वाढले आणि बालविधवा कमी झाल्या, तसा हा प्रश्नही मागे पडला. त्यासाठी कोणाचे शील सुधारावे लागले नाही.

आज आइसलंडमध्ये 100 पैकी सुमारे 70 मुले विवाहाबाहेर जन्मतात, जपानमध्ये दोन-तीन. तेवढ्यावरून जपानी माणसाला अधिक सदाचारी ठरवणे घाईचे होईल. आइसलंडमध्ये अशा मुलांचे आईवडील बहुधा एकत्रच राहतात. जपानमध्ये मूल होणार हे कळल्यावर अनेक जोडपी लग्न उरकतात.

गौतमांचा प्रश्न मात्र आपण अजून विचारतो. आमच्या आडुतुरैत, सगळ्या तमिळनाडूसारखेच, नावाआधी वडिलांचे आद्याक्षर लावायची पद्धत आहे. शाळेच्या पटावर ते अक्षर कोरे असले, तर मुलाला सगळ्यांसमोर उत्तर द्यावे लागते. अविवाहित आईला पित्याचे नाव न सांगता मुलाचे पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2015 मध्ये.

फुल्यांनी आपल्याकडे आलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करीत होत्या, तो दवाखाना त्याचाच.