खेळण्याच्या पोटातली ठेव

खेळणे किती वर्षे टिकावे, हा प्रश्न एरवी कुणी गंभीरपणे विचारत नाही. खेळणे मोडायचेच, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात. लाकडी गाडीचे चाक निखळले तर लेकरू दोन दिवस रडते, तिसऱ्या दिवशी त्याच चाकाचा दुसरा खेळ करते. मोडलेल्या खेळण्याचाही खेळ होतो. त्यामुळे त्याच्या आयुष्याची चिंता वाहण्याचे कारण पडत नाही.

परंतु गेल्या दीड दशकात खेळण्यांची एक वेगळीच जात बाजारात आली आणि तिच्याबाबतीत हा प्रश्न इतक्या सहज सोडून देता येत नाही, असे आम्हांला वाटते. ऑक्टोबर २०११ मध्ये ॲक्टिव्हिजन या अमेरिकन कंपनीने 'स्कायलँडर्स' नावाचा खेळ आणला. टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळायचा हा व्हिडिओ गेम. त्याच्याबरोबर एक उजेड पाडणारी बैठक आणि प्लॅस्टिकच्या काही बाहुल्या मिळत. बाहुली बैठकीवर ठेवली की तीच बाहुली पडद्यावर जिवंत होऊन धावू-लढू लागे. पुढे डिस्नेने २०१३ मध्ये 'इन्फिनिटी', जपानच्या निन्टेंडोने नोव्हेंबर २०१४ मध्ये 'अमीबो' आणि लेगोने २०१५ मध्ये 'डायमेन्शन्स' असे याच धाटणीचे खेळ काढले. मुलांनी हट्ट केला, आईबापांनी पाकिटे रिकामी केली. मोठी माणसेही संग्रहासाठी रांगा लावू लागली.

लाट जशी आली तशी ओसरलीही. डिस्नेने मे २०१६ मध्ये आपला खेळ बंद केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी स्कायलँडर्सचा शेवटचा मोठा खेळ निघाला. लेगोचा कारभार २०१७ मध्ये आटोपला. टिकले ते अमीबो. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या नव्या यंत्रातही त्या बाहुल्या ओळखण्याची सोय ठेवलेली आहे.

आता या बाहुलीच्या पोटात काय असते ते पाहू. तळाशी नखाएवढीही नसलेली एक चिप आणि तिच्याभोवती तांब्याच्या किंवा तशाच एखाद्या धातूच्या बारीक तारेचे वेटोळे. बॅटरी नाही. बैठकीतून १३.५६ मेगाहर्ट्‌झची चुंबकीय लहर येते, तिच्यातूनच चिपला क्षणभरापुरती वीज मिळते. तेवढ्या विजेवर ती आपली ओळख सांगते आणि तिला जे सांगितले जाईल ते लिहून घेते. एका अर्थाने ही बाहुली कायम झोपलेली असते. कुणी जवळ घेतले तरच ती जागी होते आणि दूर केले की पुन्हा झोपते.

ती लिहून काय घेते? मूल महिनोन्‌महिने खेळले, त्यात बाहुलीने किती ताकद कमावली, किती नाणी साठवली, मुलाने तिला कोणते नाव दिले, हे सगळे. स्कायलँडर्सची मौज अशी होती की ही कमाई यंत्रात न राहता बाहुलीत राही. बाहुली खिशात घालून मित्राच्या घरी जावे, त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचे यंत्र असले तरी तिथल्या बैठकीवर ठेवावी, की आपण घडवलेला वीर जसाच्या तसा हजर. पूर्वीच्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये हे नव्हते. तिथली कमाई बहुधा एका यंत्राशी किंवा कॅसेटशी बांधलेली असे.

अमीबोमधल्या चिपची सारी जागा ५४० बाइटची, त्यातले ५०४ बाइट वापरायला मोकळे. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतले एकेक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे वाचक आत्ता वाचत आहेत तो परिच्छेददेखील त्या चिपमध्ये मावायचा नाही. आणि एवढ्या जागेत एका वेळी एकाच खेळाची आठवण ठेवता येते. दुसऱ्या खेळाची लिहायची तर आधी पहिलीची पुसायची!

ही आठवण लिहिली जाते ती विजेच्या भाराने. १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या दावोन कांग आणि सायमन झे या दोघांनी एक युक्ती सुचवली. चहूबाजूंनी विजेला न जुमानणारा थर असलेल्या एका इवल्याशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडायचे. कोंडले की एक अर्थ, सोडले की दुसरा. आजच्या पेनड्राइव्हपर्यंतची बहुतेक स्मृती याच युक्तीच्या घराण्यातली. पण कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटत असतात. उष्णता वाढली की जास्त वेगाने निसटतात. किती निसटले म्हणजे लिहिलेले वाचता येणार नाही, याचा हिशेब चिप बनवणारे करतात. अमीबोतली चिप एनएक्सपी या डच कंपनीची. तिच्या तांत्रिक पत्रकात लिहिलेले टिकण्याची मुदत दिली आहे दहा वर्षे, आणि पुन्हा पुन्हा लिहिण्याची मर्यादा एक लाख वेळा.

दहा वर्षे! पहिल्या स्कायलँडर्सची दहा वर्षे २०२१ मध्ये भरली, पहिल्या अमीबोंची २०२४ मध्ये. त्या तारखांना बाहुल्या एकदम मुक्या झाल्या नाहीत. कारण ही मुदत म्हणजे मरणाची तारीख नव्हे. इतके तरी टिकेलच, एवढेच बनवणारा सांगतो. थंड, कोरड्या जागी ठेवलेली चिप त्याहून कितीतरी जास्त टिकू शकते. पण भार निसटतोच आहे, हेही तितकेच खरे. एक दिवस बैठकीवर ठेवलेली बाहुली काहीच बोलणार नाही. बाहेरून ती अगदी पहिल्यासारखी दिसत असेल.

यातली एक गोष्ट आम्हांला फार विचार करायला लावते. चिपवर पुन्हा लिहिले की तेवढ्या भागातला भार ताजा होतो. म्हणजे जी बाहुली खेळात आहे, जिच्यावर अधूनमधून काही लिहिले जाते, तिची आठवण नवी होत राहते. जी हौशी संग्राहकाने खोक्याचे सील न तोडता काचेच्या कपाटात ठेवली, तिच्यातला भार मात्र कारखान्यातून निघाल्या दिवसापासून निसटतोच आहे, त्याची भरपाई नाही. जपण्यासाठी म्हणून जे केले त्यात पुठ्ठा जपला गेला, आणि ज्याच्यामुळे ही बाहुली साध्या बाहुलीहून वेगळी, ते वाऱ्यावर राहिले.

अर्थात खेळणाऱ्याच्या बाहुलीलाही पूर्ण सुटका नाही. चिपचा एक भाग कारखान्यातच कुलूपबंद केलेला असतो. तिचा क्रमांक आणि ती कोणते पात्र आहे याची नोंद त्यात असते. तो भाग घरच्या यंत्राला पुन्हा लिहिता येत नाही. मुलाने दिलेली आठवण नवी करता येते, पण बाहुली मुळात कोण, ही ओळख नवी करता येत नाही.

सतराव्या शतकातल्या जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाची दोन मते इथे आठवतात. आपल्या मानवी आकलनावरच्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मांडले की, माणूस काल होता तोच आज आहे हे त्याच्या शरीरावरून ठरत नाही, जाणीव आणि स्मृती यांच्या सलगपणावरून ठरते. आणि राज्यव्यवस्थेवरच्या लिखाणात तो म्हणतो की, ज्या वस्तूत माणूस आपले श्रम मिसळतो ती वस्तू त्याची होते. ही दोन्ही मते त्याने खेळण्यांसाठी मांडली नव्हती हे उघड आहे. तरी ती या बाहुलीला लावून पाहावीत. पहिल्या मताने पाहिले तर स्मृती गेलेली बाहुली 'ती' बाहुली उरत नाही. दुसऱ्या मताने पाहिले तर तिच्यातली कमाई मुलाची आहे, कंपनीची नव्हे. कंपनीने कोरी पाटी विकली. तिच्यावरची अक्षरे मुलाने रात्री जागून, अभ्यास बुडवून आणि आईची बोलणी खाऊन काढली.

खेळण्यातल्या श्रमाला श्रम म्हणायचे का, अशी शंका कुणी घेईल. आम्हांला ती फारशी पटत नाही. मुलाला श्रम म्हणजे काय हे पहिल्यांदा खेळातच कळते. वाळूचा किल्ला बांधताना जो घाम येतो तो खोटा नसतो. आणि किल्ला लाट नेणार हे मुलाला आधीच ठाऊक असते, म्हणून त्याची फसवणूक होत नाही. चिपच्या बाहुलीत अडचण आहे ती इथे. समुद्र कुठे आहे हे त्याला कुणी दाखवले नाही. दहा वर्षांचा आकडा तांत्रिक पत्रकात आहे आणि ते पत्रक कुणालाही वाचता येते हे खरे. पण ते यंत्र बनवणाऱ्या अभियंत्यांसाठी लिहिलेले आहे, वाढदिवसाची खरेदी करायला निघालेल्या आईबापांसाठी नव्हे.

शिवाय खरी लाट चिपमधून येतच नाही. बाहुली बोलायची तर चिप हवी, बैठक हवी, तिला चालेल असे यंत्र हवे, खेळाची तबकडी हवी आणि पुष्कळदा इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या दुरुस्त्याही हव्यात. स्कायलँडर्सची बाहुली सगळीकडे चाले, पण बैठक नाही. एक्सबॉक्सला तिची स्वतःची वेगळी बैठक लागे. निन्टेंडोच्या ज्या वी यू यंत्राबरोबर अमीबो पहिल्यांदा आले, त्याचे इंटरनेटवरचे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याची बहुतेक ऑनलाइन सेवाही थांबली. साखळीतली एक कडी तुटली की उरलेल्या कड्या शाबूत असून नसून सारख्याच. पूर्वी वस्तू मोडत. आता वस्तू धडधाकट राहते आणि तिचे जगच तिच्याभोवतून काढून घेतले जाते.

हीच निन्टेंडो कंपनी १८८९ मध्ये क्योटो शहरात सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वीचा तसला जोड आज कुणाच्या पेटीत सापडला आणि कागद बरा असला, तर दोघे जण समोरासमोर बसून डाव मांडू शकतात. कंपनीची परवानगी लागत नाही, कंपनी हयात असण्याचीही गरज नाही. खेळाचे नियम माणसांच्या डोक्यात आहेत आणि आजीकडून नातवाकडे जाऊ शकतात. एकाच घराण्याची ही दोन अपत्ये. त्यांतले थोरले दीर्घायुषी ठरले, कारण त्याने स्वतःच्या पोटात काही लपवून ठेवले नाही.

म्हणून जुनेच बरे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पत्त्यांना खेळणाऱ्याची आठवण राहत नाही. ज्या मुलाने बाहुलीला नाव दिले, त्याला 'तू मला ओळखतेस' हा जो आनंद मिळाला तो पत्त्यांच्या जोडाने कधी दिला नसता. तो आनंद खोटा नव्हता. आमचा मुद्दा त्या आनंदाची जबाबदारी कुणाची, एवढाच आहे. आमच्या घरांतून 'अमानत' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवायला घेतली की ती मागितल्यावर परत करायची, यात कुणाला शंका नसते. वस्तू विकणारा आणि ठेव सांभाळणारा, यांची कर्तव्ये वेगळी असतात. विकणाऱ्याचे कर्तव्य सौदा झाला की बरेचसे संपते. ठेव सांभाळणाऱ्याचे तसे संपत नाही. या कंपन्यांनी वस्तू विकली आणि त्याच वस्तूत ठेवही घेतली. मग खेळ बंद करताना त्या फक्त विक्रेत्याच्या भूमिकेतून उठून कशा जाऊ शकतात?

त्यांनी कायम कारखाना चालवावा, असे कुणी म्हणत नाही. तोट्यातला धंदा बंद करण्याचा हक्क त्यांना आहे. पण निघताना किल्ली तरी ठेवून जावी. चिपवरची आठवण संकेतात बंद केलेली असते, तो संकेत उघड करावा. आपल्या मालकीच्या बाहुलीची प्रत करून ठेवणाऱ्याला चोर समजू नये. काही जाणकारांनी ही कुलुपे स्वतःच उघडली आहेत, आणि स्वस्तातल्या कोऱ्या चिपवर बाहुलीतला मजकूर उतरवता येतो. त्यातून न विकत घेतलेल्या बाहुल्यांच्या नकला करून विकणारेही निघाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चोर किल्ली वापरतो म्हणून घरमालकाला किल्ली द्यायची नाही, हा न्याय कुठला? कायदा या बाबतीत रेंगाळतो आहे. अमेरिकेत जुने खेळ ग्रंथालयांनी अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत, अशी सवलत मागितली गेली होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली.

प्रत केली तरी प्रश्न मिटतो असे नाही. कोऱ्या चिपवर उतरवलेली आठवण आणि हातातली मुकी बाहुली, यांतली खरी कोण? लॉकला विचाराल तर तो चिपकडे बोट दाखवील. ज्याने ती बाहुली उशाखाली घेऊन झोपण्यात बालपण काढले, तो बाहुली उचलील. आम्ही स्वतः दुसऱ्याच्या बाजूचे आहोत. पण त्याने बाहुलीच्या तळाला ती चिप चिकटवून दिली, तर आमची काही हरकत नाही.

दरम्यान या बाहुल्या जुन्या बाजारात फिरत आहेत. ज्या मुलांसाठी घेतल्या ती मोठी झाली, नोकरीला लागली. घर आवरताना खोकेभर बाहुल्या निघतात आणि किलोच्या भावाने नाहीतर नगावर विकल्या जातात. नवा मालक एखादा अमीबो घरी आणतो, यंत्राला लावतो, आणि पडद्यावर जुन्या मालकाने दिलेले नाव उमटते. कुठल्याशा गावातल्या, आता बारा वर्षांनी थोराड झालेल्या पोराने ठेवलेले ते नाव. त्याची कमाईही तिथेच असते, अजून निसटून न गेलेली. नव्या मालकाला आपले नाव लिहायचे असेल तर आधी ते पुसावे लागते. यंत्र विचारते, पुसू का? आणि उत्तरासाठी थांबून राहते.